म्हाताऱ्या कुत्र्याचे उपचार: इकडचा घोळ, तिकडचा घोळ

घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला मोठा आजार निघाला की मायदेशात दोन वाद हमखास होतात. ‘कुत्र्यापायी एवढा खर्च?’ हा एक, आणि ‘इंजेक्शन देऊन मारणं पाप नाही का?’ हा दुसरा. इकडे परदेशात हे दोन्ही फारसे कानावर पडत नाहीत. अनेकांनी विमा काढलेला असतो, स्पेशालिस्ट असतो, आणि झोपवणं, म्हणजे इंजेक्शनने शांत मरण देणं, हाही उपचारांतलाच एक पर्याय धरला जातो. पण म्हणून इकडचे निर्णय शहाणपणाचे होतात असं नाही. इकडे विमा आहे म्हणून एमआरआय होतो, तिकडे मन धजत नाही म्हणून सलाईन चालू राहतं. या तपासणीत काही निघालं तर आपण पुढे वेगळं काय करणार, हे मात्र दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

मेंदूचा एमआरआय पूर्ण भूल देऊनच करावा लागतो. शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन करायचंच नसेल, तर गाठ दिसली काय नि न दिसली काय, म्हाताऱ्या कुत्र्याला बहुतेक वेळा फिट्सचं औषध आणि स्टेरॉइड हेच मिळणार. मग भूल कशासाठी? प्लीहेवर गाठ दिसली तर मात्र छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करावीच. अशा बऱ्याच गाठी साध्या निघतात आणि प्लीहा काढली की प्रश्न मिटतो. पण रक्तवाहिन्यांचा कॅन्सर, म्हणजे हिमँजिओसार्कोमा, असेल तर नुसत्या शस्त्रक्रियेने साधारण १ ते ३ महिने मिळतात, केमो जोडली तर ४ ते ६. तो फुप्फुसात पसरलेला दिसला तर पोट उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, ‘आधी जरा स्टेरॉइड देऊन बघू’ हे फार महागात पडतं. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने गाठी भराभर बसतात, कुत्रं खायला लागतं, घरच्यांना हुरूप येतो आणि मग केमोचा विषय निघतो. तोवर कॅन्सरच्या पेशी औषधांना निबर झालेल्या असू शकतात, बायोप्सीही धड वाचता येत नाही. म्हणून केमो करायची की नाही हे पहिल्या गोळीआधीच ठरवावं. केली तर लिम्फोमाच्या बी-सेल प्रकारात बरेचदा वर्षभर मिळतं. नाही ठरली तर स्टेरॉइड खुशाल द्यावं, एक-दोन महिने बरे जातात. फक्त त्यासोबत मेलोक्सिकॅमसारखं वेदनाशामक देऊ नये, पोटात व्रण होऊन रक्त जातं.

घाई कुठे नडते? म्हातारं कुत्रं अचानक मान वाकडी करून एका अंगावर कोसळतं, बुबुळं आडवी भराभर हलतात, उलट्या होतात. लकवाच मारला असं वाटून त्याच संध्याकाळी झोपवण्याचा निर्णय होतो. पण बहुतेकदा हा कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेचा बिघाड असतो. साधारण ७२ तासांत उतार पडू लागतो, दोन-तीन आठवड्यांत कुत्रं चालतं, मान थोडी कललेली राहते एवढंच. मळमळीचं औषध, पायाखाली न घसरणारी सतरंजी आणि हाताने पाणी पाजणं, इतकं पुरतं. कान मात्र तपासून घ्यावा. बुबुळं वर-खाली हलत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर दुखणं मेंदूतलं असू शकतं, तिथे थांबून बघण्यात अर्थ नाही.

किडनीचं उलट आहे, तिथे उपचार उगाच ताणले जातात. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, ५ मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर म्हणजे आजाराची शेवटची पायरी. मात्र जंतुसंसर्गाने किंवा वेदनाशामकाने ते अचानक चढलं असेल तर शिरेतून सलाईन देऊन उतरू शकतं, म्हणून दोन-तीन दिवस जरूर द्यावं. जुन्या आजारात त्यानंतरही आकडा हलला नाही, तर चौथ्या-पाचव्या दिवसाने सहसा फरक पडत नाही. उतरला तर घरी कातडीखाली रिंगर लॅक्टेट हे सलाईन देता येतं: बाटली कोमट करून, खांद्यांमधली कातडी तंबूसारखी उचलून, १८ नंबरच्या सुईने, डॉक्टर सांगतील तेवढं, साधारण किलोमागे १० ते २० मिली. फुगवटा घरंगळत पुढच्या पायाशी येतो, घाबरू नये. दुसऱ्या दिवशीही तो तसाच असेल तर पाणी शोषलं जात नाहीये, वर आणखी देऊ नये. हृदय कमजोर असलेल्या कुत्र्याच्या फुप्फुसात सलाईनने पाणी भरू शकतं, म्हणून गाढ झोपेतले श्वास मोजावेत. मिनिटाला ३०च्या वर जात राहिले तर सलाईन थांबवून डॉक्टरला लगेच कळवावं.

आयुष्याचा दर्जा मोजायला व्हेट ॲलिस व्हिलालोबोस यांची सात मुद्द्यांची पट्टी वापरतात: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला १०पैकी गुण, बेरीज ३५च्या वर हवी. मला ही बेरीज फसवी वाटते. धाप लागलेल्या कुत्र्याची भूक शाबूत असेल तर आकडा छान येतो. श्वास आणि वेदना यांना वेगळं धरावं, आणि कुत्रं ओरडत नाही म्हणून दुखत नाही असं मानू नये. रात्री धापणं, सारखी जागा बदलणं, एकच सांधा चाटत बसणं, ही दुखण्याचीच भाषा.

आता पापाचं. ज्याला आपण नैसर्गिक मरण म्हणतो, ते किडनीच्या आजारात तोंडात फोड, सततची मळमळ आणि शेवटी फिट्स असं कित्येक दिवस चालू शकतं. झोपवताना आधी गुंगीचं इंजेक्शन, दहा-पंधरा मिनिटांनी शिरेतून पेंटोबार्बिटल या भुलीच्या औषधाचा मोठा डोस, आणि बहुधा मिनिट-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, एखाददुसरा आचका येतो, लघवी होते, पण कुत्र्याला तेव्हा काही कळत नसतं. बिघडतं ते गुंगी न देता थेट शीर शोधताना, कारण म्हाताऱ्या कुत्र्याच्या शिरा बारीक झालेल्या असतात. ‘आधी गुंगी देणार ना?’ हे डॉक्टरला वेळ ठरवतानाच विचारावं.