‘गोळ्या बंद, गेम सुरू’ : त्या फॉरवर्डमधलं खरं किती?

‘अमेरिकेच्या एफडीएने एडीएचडीवर व्हिडिओ गेम मंजूर केला, आता मुलांच्या गोळ्या बंद करा’ असा मेसेज फिरतोय. (एफडीए म्हणजे तिथली औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणारी सरकारी संस्था; एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अति चंचलता अशी लक्षणं असलेला विकार.) पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, दुसरं कुणीतरी पदरचं जोडलेलं.

जून २०२० मध्ये एफडीएने ‘एंडेव्हरआरएक्स’ या गेमला परवानगी दिली ती ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि इतर उपचारांच्या जोडीला. गोळ्यांऐवजी नव्हे. (पुढे वयोमर्यादा १७ पर्यंत वाढली.) यात मूल टॅबलेट तिरका करत पात्राला वाटेवरून नेतं आणि त्याच वेळी ठरावीक चित्र दिसलं की टॅप करतं. जमायला लागलं की गेम अवघड होतो. रोज साधारण २५ मिनिटं, आठवड्यातले ५ दिवस, ४ आठवडे.

३४८ मुलांच्या चाचणीत संगणकावर मोजलेलं लक्ष सुधारलं. पण पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत तुलनेसाठी साधा शब्दखेळ दिलेल्या गटापेक्षा ठळक फरक दिसला नाही. घरी दप्तर भरताना, गृहपाठाला बसताना काय होतं, हे पालकच पाहतात. म्हणून मला हीच नोंद जास्त महत्त्वाची वाटते.

मेसेजमध्ये न्यूरोफीडबॅकही (मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवून त्या बदलायचा सराव) ‘सिद्ध’ म्हणून घुसवलंय. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या १४४ मुलांच्या चाचणीत खरं आणि नुसतं दिखाऊ न्यूरोफीडबॅक यांत मुख्य निकालापुरता फरक आढळला नाही. दोन्ही गट सुधारले होते, एवढंच.

चालू औषध डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. गेम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. तो गोळीचा पर्याय म्हणून मंजूर झालेला नाही.