बिस्किटाचा नंबर खाणीपर्यंत जात नाही

सोयाबीन विकून पट्टी हातात पडली की आमच्या अंबाजोगाईत लोक सोन्याचा भाव विचारायला लागतात. यंदा भावाच्या आधी मोबाइल पुढे येतो. ‘‘दादा, हे वाचा आधी.’’ मेसेज सगळ्यांकडे तोच. थोडक्यात असा: दागिने घेऊन फसू नका, सोन्याचं बिस्किट घ्या. 24 कॅरेट म्हणजे शंभर टक्के शुद्ध. बिस्किटाला आता हॉलमार्क सक्तीचा आहे, त्यामुळे भेसळ होऊच शकत नाही. नंबर ॲपमध्ये टाकला की सोनं कोणत्या खाणीतून निघालं ते दिसतं. स्विस शिक्का असेल तर डोळे झाकून घ्या, गलाईवाल्याचं (सोनं गाळून शुद्ध करणाऱ्या कारागिराचं) मात्र घेऊ नका. मशीनवर मिनिटात सगळं कळतं, म्हणून बिल नको, 3 टक्के जीएसटी वाचवा.

माझं सराफी दुकान आहे आणि दागिन्यांच्या मजुरीवर घर चालतं. तेव्हा मी बिस्किटाच्या विरोधात बोलणारच, असं कुणाला वाटलं तर त्याला दोष देणार नाही. पण मेसेजचं पहिलं वाक्य मला निम्मं मान्य आहे. सोनं नुसतं ठेवायलाच घ्यायचं असेल तर बिस्किट बरं. मजुरी जात नाही, मोडताना घट धरली जात नाही. भांडण त्यापुढच्या वाक्यांशी आहे.

शंभर टक्क्यांचं आधी उरकतो. शंभर टक्के सोनं बाजारात नसतं. बिस्किटावर 995, 999 किंवा 999.9 असा आकडा असतो, म्हणजे हजार भागांत इतके भाग सोनं. वितळलेल्या सोन्यात क्लोरीन वायू सोडून ते साफ केलं की 995 च्या आसपास येतं. पुढे विजेच्या पद्धतीने काढलं तर 999.9 पर्यंत जातं. लंडनच्या घाऊक बाजारात बँका एकमेकींना देतात ती साडेबारा किलोच्या आसपासची मोठी वीट 995 ला चालते. त्या विटेच्या वजनाला शुद्धतेने गुणतात आणि जितकं निव्वळ सोनं भरेल तितक्याचेच पैसे होतात. तिथे कुणी शंभर टक्के म्हणत नाही. आपल्या 10 ग्रॅममध्ये 995 आणि 999 चा फरक 0.04 ग्रॅमचा. त्यावर रात्रीची झोप घालवण्यासारखं काही नाही, फक्त ज्या आकड्याचा भाव दिला तो आकडा बिलावर असावा.

खरी गफलत हॉलमार्कची आहे, आणि ती शिकलेली माणसंही करतात. हॉलमार्किंगची सक्ती 16 जून 2021 पासून सुरू झाली, आधी जिथे तपासणी केंद्र आहे अशा जिल्ह्यांत, मग टप्प्याटप्प्याने पुढे. त्याच वर्षी जुलैपासून प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी नंबर आला, आणि 1 एप्रिल 2023 पासून तो नंबर नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पण हा आदेश दागिन्यांसाठी आणि सोन्याच्या वस्तूंसाठी निघाला. बिस्किट त्यात नव्हतं. बिस्किटासाठी भारतीय मानक ब्युरोचं वेगळं मानक आहे, ब्युरो रिफायनऱ्यांना, म्हणजे सोनं शुद्ध करणाऱ्या कारखान्यांना, परवाना देते, आणि परवानाधारक रिफायनरीच्या नाण्या-बिस्किटावर ब्युरोची खूण मिळू शकते. मिळू शकते आणि असलीच पाहिजे यात किती अंतर आहे, ते गेल्या वर्षी मी माझ्या काउंटरवर पाहिलं.

एक ओळखीचे दाजी 20 ग्रॅमचं बिस्किट मोडायला घेऊन आले. वर 999 कोरलेलं. रिफायनरीचं नाव नाही, नंबर नाही, ब्युरोची खूण नाही. घेतलं तेव्हा दुकानदाराने बिलाऐवजी कच्ची चिठ्ठी दिली होती, आणि दाजी खूश, जीएसटी वाचला म्हणून. तपासलं तर टंच, म्हणजे शुद्धता, निघाला 992. नुकसान फार नव्हे, 0.14 ग्रॅमचं. पण दाजी विचारायला गेले तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘‘हे आमचं नाहीच.’’ ते त्याचंच होतं हे दाखवणार कशावरून? हॉलमार्क असलेल्या मालाची शुद्धता कमी भरली तर 2018 च्या नियमांप्रमाणे ग्राहकाला फरकाच्या दुप्पट रक्कम आणि वर तपासणीचा खर्च मिळतो. दाजींच्या बिस्किटाला खूणच नव्हती आणि बिलही नव्हतं. मग मागायचं कुणाकडे? मेसेजमधलं ‘बिल नको’ हे एवढं एकच वाक्य लोक मनापासून पाळतात, म्हणून जास्त राग येतो.

आता खाणीचं. ब्युरोच्या ॲपमध्ये दागिन्याचा एचयूआयडी टाकला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, वस्तूचा प्रकार, शुद्धता आणि तारीख दिसते. खाण दिसत नाही. बिस्किटावरचा नंबर तर त्याहून वेगळा. तो रिफायनरीने आपल्या वहीसाठी दिलेला असतो. त्या वहीत वीट कधी ओतली, किती वजनाची, कोणत्या टंचाची, कुणाला दिली, हे सापडेल. त्याच्या मागे जायचं तर रिफायनरीने आत घेतलेल्या मालाचे कागद बघावे लागतात, आणि तिथेच गाठ बसते. खाणीवरून निघालेलं सोनं कच्च्या लगडीच्या रूपात येतं, त्यात चांदी-तांबं असतंच. अनेक ठिकाणच्या लगडी एका मुशीत गेल्या की कुठलं सोनं कुठलं, हे धातू सांगत नाही. आणि आपल्याकडचं काही सोनं तर खाणीतून नव्हे, मोडीतून येतं. चुलतीची मोहनमाळ, परळीच्या कुणाची गहाण बुडालेली पाटली आणि हिंगोलीच्या एखाद्या आजीची बोरमाळ एकत्र आटवली, तर त्या बिस्किटाला खाण कोणती लिहायची?

म्हणून जगात ‘माग ठेवणं’ म्हणतात ते मुख्यतः कागदांचं काम आहे. लंडनच्या बुलियन मार्केट असोसिएशनने 2012 पासून आपल्या मान्यताप्राप्त यादीतल्या रिफायनऱ्यांना नियम घातला: सोनं कुणाकडून घेतलं, त्या पैशावर कुठे युद्ध पोसलं जातं का, काळा पैसा धुतला जातो का, हे तपासा आणि बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घ्या. मोडीलाही ते लागू. मार्च 2022 मध्ये रशियाच्या सहा रिफायनऱ्यांना यादीतून निलंबित केलं, तेव्हा त्यांनी त्याआधी ओतलेल्या विटा बाजारात चालत राहिल्या, पुढच्या नाहीत. सोनं तेच, टंच तोच, पण विटेवर कोरलेलं साल निर्णायक ठरलं. मोठ्या विटेवर रिफायनरीचा शिक्का, नंबर, शुद्धता आणि साल या चार खुणा लागतात, त्या सजावटीसाठी नसतात.

माझे चुलते हे सगळं ऐकून म्हणाले, ‘‘मग ह्या नंबराचा उपयोग काय, म्हणलालास?’’ उपयोग इतकाच, की उत्तर द्यायला कुणीतरी बांधलेलं असतं. दाजींच्या बिस्किटाला ते कुणी नव्हतं.

स्विस शिक्क्यावर डोळे झाकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 2019 मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की नामांकित स्विस रिफायनऱ्यांचे खोटे शिक्के मारलेली एकेक किलोची हजारेक बिस्किटं बाजारात सापडली, काही थेट मोठ्या बँकेच्या तिजोरीपर्यंत पोचलेली. गंमत म्हणजे त्यांतलं सोनं बऱ्यापैकी चोख होतं. खोटी होती ती ओळख. ज्या सोन्याला सरळ दाराने येता येत नव्हतं, ते दुसऱ्याचं नाव लावून आलं. मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं की चोख असलं की संपलं. आणि चांगल्या शिक्क्यासाठी स्वित्झर्लंडलाच जायला हवं असंही नाही, लंडनच्या यादीत हरियाणातली एमएमटीसी-पॅम्पही आहे.

गलाईवाल्यांबद्दल मात्र मला मेसेजवर खरा आक्षेप आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली ही माणसं देशभरच्या सराफ्यांत पसरली आहेत, मराठवाड्यातही. त्यांची रीत साधी आणि जुनी. सोन्यात इतकी चांदी मिसळायची की सोनं साधारण चौथा हिस्सा उरेल. मग ती लगड तेजाबात, म्हणजे तीव्र आम्लात, टाकायची. चांदी-तांबं विरघळतं, तळाशी तपकिरी भुकटी राहते, ती धुऊन टाकणखाराबरोबर आटवली की पिवळीधमक. हात चांगला असेल तर टंच उत्तम येतो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर असंच सोनं वापरलं, आणि कसोटीवर त्यांचा हात मशीनपेक्षा फारसा मागे नव्हता (हे मुलाचं बोलणं, सोडून द्या). गलाईवाल्याचं सोनं नकली नसतं, निनावी असतं. सराफाला ते चालतं, कारण तो रोज टंच काढतो आणि गलाईवाला शेजारच्याच गल्लीत बसतो. गेवराईच्या शेतकऱ्याने ते दहा वर्षं कपाटात ठेवून दुसऱ्याच गावात मोडायला नेलं, तर निनावीपणाची किंमत त्याच्याकडून कापली जाते.

मशीनचं बोलून थांबतो. काउंटरवरचं क्ष-किरणांचं मशीन सोन्याचा वरचा थर वाचतं, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. टंगस्टनची घनता 19.25 आणि सोन्याची 19.3, त्यामुळे पाण्यात बुडवून तोललं तरी पोटात भरलेला टंगस्टन लपतो. तो पकडायला ध्वनिलहरी लागतात, नाहीतर सरळ छेद. आपल्या 10-20 ग्रॅमच्या पातळ बिस्किटात कुणी टंगस्टन भरत बसेल असं मला वाटत नाही, ते दुखणं मोठ्या विटांचं. आपल्याला भेटतो तो दाजींसारखा प्रकार, 999 च्या नावाखाली 992. त्यावर वाद झाला तर निकाल अग्निपरीक्षेचा. थोडा नमुना कापून, चांदी घालून, शिशात गुंडाळून भट्टीत जातो. सच्छिद्र कुपी शिसं आणि तांब्यासारखे हलक्या प्रतीचे धातू पिऊन टाकते, उरलेल्या मण्यातली चांदी तेजाबाने काढतात आणि शिल्लक सोनं तोलतात. त्याला मिनिट नाही, काही तास लागतात.

चुलत्यांनी शेवटी 10 ग्रॅमचं बिस्किट घेतलंच, माझ्याकडून नाही, लातूरहून. फोन आला, ‘‘शिक्का हाय, नंबर हाय, बिलावर तोच नंबर लिहून घेतलाय. आता पाकीट फोडू का बघायला?’’ म्हटलं, फोडू नका. सोनं कमी होत नाही, पण विकायला न्याल तेव्हा समोरचा पुन्हा टंच काढेल आणि त्याचे पैसे तुमच्याकडूनच घेईल.