दादाची मोजणी

परवा गणपतीत आरतीला उभा असताना दादाचे ओठ हलत होते. मला वाटलं आरती म्हणतोय. जवळ गेले तर माणसं मोजत होता. एकोणीस. तेवढ्यात दोन पोरं अंगणात पळाली, की पुन्हा पहिल्यापासून.

माझा भाऊ कारागृह शिपाई आहे. चौदा वर्षं झाली. गावात सगळे त्याला पोलीसच म्हणतात. तुरुंगाचं खातं वेगळं असतं हे सांगणं त्याने कधीच सोडलं. लोक अलिबागला हिराकोट किल्ला बघतात, रत्नागिरीला सावरकरांची कोठडी बघतात. त्याच भिंतींआड आजही बंदी, म्हणजे कैदी, आहेत आणि त्यांच्यासोबत कोंडलेली खाकीतली माणसं आहेत, हे फार कुणाच्या मनात येत नाही.

सकाळी बॅरेक उघडताना मोजणी, संध्याकाळी बंद करताना मोजणी. आकडा जुळेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत सहा बंद्यांमागे एक रक्षक सांगितलाय. दादाच्या बॅरेकला साठांमागे तो एकटा. देशात दर चार बंद्यांमागे जवळपास तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. सुटका कधी, ते त्यांना ठाऊक नसतं. कोर्टाची तारीख पुढे गेली की राग काढायला ना वकील समोर असतो ना न्यायाधीश. असतो तो शिपाई.

गेल्या पावसाळ्यात एका पोराने पहाटे चादरीचा फास लावून घेतला. दुसरा माणूस येईपर्यंत दादा त्याचे पाय खांद्यावर तोलून उभा होता. पोरगा वाचला. दादाकडून लेखी खुलासा मागितला गेला, गस्तीत किती मिनिटांचं अंतर पडलं म्हणून. तुला झोप लागते का, हे कुणीही विचारलं नाही. त्याच रात्री पुन्हा ड्युटी.

बंद्यांसाठी समुपदेशक येतात, यायलाच हवेत. शिपायाने कुणाशी बोलायचं? साहेबांशी? जो गोपनीय अहवाल लिहिणार, त्याच्यासमोर कोण सांगेल की मला रात्री पाय दिसतात? माझं म्हणणं एवढंच आहे की ऐकणारा माणूस खात्याबाहेरचा असावा आणि तिथलं बोलणं फाइलीत जाऊ नये. आठ तासांची पाळी आणि ठरलेली साप्ताहिक सुट्टीसुद्धा हवीच, पण आधी हे. भरतीला वेळ लागतो म्हणतात. ऐकायला माणूस नेमायला किती लागतो?

आमचा गणपती पाच दिवसांचा. मुंबईचे चाकरमानी विसर्जनापर्यंत होते. दादाला दीड दिवसाची रजा. निघताना आईने मोदकांचा डबा दिला. त्याने झाकण उघडलं, आतले मोदक मोजले आणि मग पिशवीत ठेवला.