पंप सोडू नका, शेकोटी सोडा

थंडी पडली की खानदेशात गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘दमेकऱ्यांनी पंपाची सवय लावू नये, गोळीवर भागवावं. पहाटे शेकोटीजवळ छाती शेकावी. केळी बंद. मुलांच्या उशीखाली कापराची पुरचुंडी ठेवावी.’ हा सल्ला ऐकून कुणी पंप बाजूला ठेवू नये, म्हणून हे लिहितोय.

पंपाची सवय लागत नाही. रोजच्या पंपातलं थोडंसं स्टेरॉइड श्वासनळ्यांची सूज उतरवतं. बरं वाटलं म्हणून तो सोडला की सूज हळूहळू परत येते आणि पहिल्या कडाक्यातच धाप लागते. त्यालाच लोक ‘सवय’ म्हणतात. खरं तर दमा पुन्हा उसळलेला असतो. आणि गोळी सौम्य कशी? धाप लागल्यावर घ्यायच्या तातडीच्या पंपात साल्ब्युटामॉल हे औषध असतं, त्यातून एका दाबात १०० मायक्रोग्रॅम मिळतं, गोळी असते २ किंवा ४ मिलिग्रॅमची. म्हणजे मोठ्या गोळीत ४० दाबांचं औषध, तेही रक्तातून अंगभर. हात थरथरतात, छाती धडधडते ते त्यामुळेच. मात्र हा तातडीचा पंप वरचेवर लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

शेकोटीचा मोह मी समजू शकतो, धुळ्याचा पारा सहा अंशांपर्यंत उतरतो. पण थंड, कोरड्या हवेने नळ्या आधीच आवळलेल्या असतात. पहाटे वारा पडलेला असतो, धूर वर न जाता जमिनीलगतच साचतो, आणि तोच आपण छातीत ओढतो. भरीत पार्टीचंही तेच. जरूर जा, पोटभर खा, पण काड्यांवर वांगी भाजायला दमेकऱ्याला बसवू नका. उबेसाठी नाका-तोंडावरून मफलर घ्या, आत जाणारी हवा कोमट आणि दमट होते. फिरायला ऊन वर आल्यावर निघा.

केळ्याची ॲलर्जी असलेले मोजके लोक सोडले, तर रावेर-यावलच्या केळ्याने दमा वाढतो याला काहीही आधार नाही.

कापराच्या उग्र वासाने काहींची धाप वाढते. शिवाय लहान मुलाने तो गिळला तर झटके येऊ शकतात. पुरचुंडी आजच काढून टाका.

पंप घेऊनही उतार पडत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, रुग्णाला बसतं ठेवा आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तातडीचा पंप देत राहा.