ती बंद खिडकी

आज कोरोनाच्या साथीचा विषय निघाला, तेव्हा एका परिचितांनी चारचौघांत हसत हसत सांगितले, "मास्क, अंतर, सगळे थोतांड होते, शास्त्रज्ञांनाच काही कळत नव्हते." ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. मी तेथून उठून आले, पण संताप अजून उतरलेला नाही.

२०२० साली धाकटा भाऊ बाबांना भेटायला आला, तेव्हा मी त्याची बॅग साबणाच्या पाण्याने पुसली, दाराची कडी पुसली, किल्ल्यासुद्धा धुतल्या. मग बाबांना वारा सोसत नाही म्हणून खिडकी लावली आणि आम्ही तिघे दोन तास बोलत बसलो. भावाला ना ताप होता, ना खोकला. दुसऱ्या दिवशी तो आजारी पडला, पाचव्या दिवशी बाबा.

होय, त्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा विषाणू हवेतून पसरत नाही असे ठासून सांगितले होते, आणि ते चुकलेच. पण त्याच १० मार्चला अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण जमले, त्यांतील ५३ जणांना लागण झाली आणि दोघे दगावले. मे महिन्यात त्याचा अहवाल आला, म्हणजे शंका घ्यायला जागा होती. संघटनेने हवेतील सूक्ष्म कणांतून होणारा संसर्ग स्पष्टपणे मान्य करेपर्यंत २०२१ उजाडले. तोवर आम्ही कड्या पुसत होतो.

म्हणून काय काळजी घेणेच खोटे ठरते? खात्री नव्हती, म्हणूनच तर काळजी घ्यायची होती! खिडकी उघडली असती आणि तिचा उपयोग झाला नसता, तर बाबांना थोडा गारवा लागला असता, एवढेच. न उघडल्याची किंमत मात्र त्यांच्या फुप्फुसांनी मोजली. कोणती चूक निस्तरता येईल आणि कोणती नाही, एवढा विचार करायला शास्त्रज्ञांच्या एकमताची वाट पाहावी लागत नाही. रोजगार बुडालेल्या माणसाला घरी बसा म्हणणे सोपे नव्हते, हे मान्य. पण हसत होते ते त्याच्यासाठी नव्हे.

संसर्ग भावाकडूनच आला, हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तो मात्र ते स्वतःशी धरून बसला आहे. बाबा बरे झाले, तरी जिना चढताना मध्येच थांबतात. तो आला की ते स्वतः उठून खिडकी उघडतात, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात, "जरा उकडतंय रे."