‘तिसरी नोकरी’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘पावसाळी रविवार’वरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तिथेच खाली दोन ओळी खरडणार होते, पण उत्तर वाढत गेलं, म्हणून वेगळं टाकतेय. नाव दिलेलं नाहीत, तेव्हा नुसतंच ‘तुम्ही’ म्हणते.

इतरांसाठी थोडक्यात सांगते. त्या पोस्टमध्ये मी जुन्या साडीचे पडदे शिवले, कुकरमध्ये रव्याचा केक लावला आणि तो होईस्तोवर रहस्यकथा वाचत लोळले, एवढंच होतं. त्यावर यांचं म्हणणं असं: बाई आधीच दोन नोकऱ्या करते, एक ऑफिसातली आणि एक घरातली. माझ्यासारख्या ब्लॉगवाल्या गोडगोड बोलून तिला तिसरी लावून देतात. केकबिक आपल्याकडचं नव्हेच, साहेबाची नक्कल. घर राहायला असतं, दाखवायला नसतं. आणि वाचायचंच तर चार उपयोगाच्या गोष्टी वाचाव्यात, खून कोणी केला हे कळून कोणाचं भलं झालंय?

यातला साहेबाचा मुद्दा आधी घेते, कारण त्यावर मला बोलायला फार आवडतं.

मैद्या-अंड्याचा केक आपला नाही, कबूल. पण पदार्थाला खालून-वरून आच देऊन भाजायला आपल्याला साहेबाने शिकवलं, असं कोकणातल्या एखाद्या आजीसमोर बोलून बघा. धोंडस म्हणा, तवसोळी म्हणा, काकडीच्या या भाजलेल्या गोड वड्यांचं प्रकरण ओव्हन घरात येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. पावसाळ्यात वेलावर धरलेलं मोठं तवसं, म्हणजे जून काकडी, साल पिवळी-तांबूस झालेलं, गवताच्या दोरीने आढ्याला टांगून ठेवायचं. ते उतरवायचं, सोलायचं, आतल्या बिया काढून किसायचं. किसाला सुटलेलं पाणी फेकायचं नाही, रवा त्यातच शिजवायचा असतो. तुपावर खमंग भाजलेला रवा, तो कीस, त्याचं पाणी, गूळ, ओलं खोबरं, वेलची, चवीला मीठ. हे सगळं जाड बुडाच्या पातेल्यात आटत आणायचं आणि मिश्रण कडेने सुटायला लागलं की खालची आच अगदी मंद करून झाकणावर निखारे ठेवायचे. वरचा थर तांबूस होतो, कडा कुरकुरीत होतात, घरभर गुळाचा आणि तुपाचा वास सुटतो. गार झाल्याशिवाय वड्या नीट पडत नाहीत, आणि तेवढा धीर आमच्या घरात तरी कोणालाच नसतो.

पाठारे प्रभूंकडचं कोलंबी-कोबीचं भानोलं याच पद्धतीचं, गोव्यातली बिबिंकाही तशीच, एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजत नेलेली. बिबिंका पोर्तुगीज अमदानीतली आहे, म्हणून ती परकी म्हणायची का? मग पावही परका. वडापाव खाताना हा प्रश्न कोणालाच पडत नाही.

आणि नानकटाई! शहरांतून दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बेकरीबाहेर डबे घेऊन बायका-पोरं उभी असायची, ते तुम्ही पाहिलं नसेल तर घरातल्या कोणा मोठ्या माणसाला विचारा. मैदा, पिठीसाखर आणि डालडा किंवा तूप आपलं, भट्टी बेकरीवाल्याची, मजुरी किलोवर. डबा ओळखू यावा म्हणून झाकणावर नाव. यात हिशेबही होता. लाकडाच्या भट्टीत पावाला कडक आच लागते. पाव निघाले की भट्टी हळूहळू उतरायला लागते आणि नानकटाईला नेमकी ती उतरती आच मानवते. कडक आचेवर ती बाहेरून लाल होते आणि आतून कच्ची राहते. ही गोष्ट रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला माहीत होती. घरी थिजलेलं तूप हाताने फेसून पांढरं, हलकं केल्याशिवाय त्यात साखर घालायची नाही, हेही माहीत होतं. त्यांना कोणी बेकिंग शिकवायला आलं नव्हतं.

आता तुमचा पहिला मुद्दा. तो खरोखर वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही.

केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. पुरुषांची ९७ हीसुद्धा फक्त घरकामाला हात लावणाऱ्यांची सरासरी. असे पुरुष २६ टक्क्यांच्या आसपास, बाकीच्यांनी त्या दिवशी काही केलंच नव्हतं. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बाईचा आकडा २८९ वर आला. वाचून बरं वाटणार, तोच पुरुषांचा दिसला: ८८. बाईची दहा मिनिटं कमी झाली, बुवांनीही आपली नऊ कमी करून घेतली.

तेव्हा दोन नोकऱ्यांबद्दल आपलं भांडण नाहीच. प्रश्न एवढाच, की माझा केक त्या २८९ मिनिटांत बसतो का?

माझ्या मते नाही. माझी कसोटी साधी आहे: हे काम आज केलं नाही तर घरात कोणी विचारेल का? पोळ्या झाल्या नाहीत तर विचारतात. कुकर लागला नाही, दूध तापलं नाही, डबा भरला नाही, गणवेशाला इस्त्री नाही, तर लगेच विचारतात, आणि विचारतातही मलाच. रविवारी केक झाला नाही म्हणून आजवर कोणी हाक मारलेली नाही. पडदे तेच राहिले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पुस्तक अर्धवट राहिलं तर ते फक्त मला ठाऊक असतं. जे न केल्याने कोणाचंच अडत नाही, ते मी माझ्या मर्जीने करते. नोकरीत रजेचा अर्ज द्यावा लागतो. इथे तो द्यायचा कोणाकडे?

उलट, जरा दिवाळीच्या फराळाकडे बघा. तो अस्सल आपला, त्याला कोणी साहेबी म्हणत नाही. पण नोकरी असलीच तर ती तिथे आहे! चकली नरम पडली की तीन पिढ्या मत देतात. भाजणीत काय कमी पडलं, मोहन किती होतं, तेल तापलं होतं का, ‘आमच्याकडे असं होत नाही हो.’ अनारसा विरघळला तर त्याची चर्चा पुढच्या दिवाळीपर्यंत पुरते. लाडवाच्या पाकाला तर अख्खी परीक्षाच असते, एकतारी का दोनतारी. केकला आमच्या घरात असा परीक्षकच नाही. सासूबाईंचा केक कसा व्हायचा याची आठवण कोणाकडे नाही, कारण त्यांनी तो कधी केलाच नव्हता. तो फसला तरी कोणाचं नाक कापलं जात नाही. मला तो म्हणूनच आवडतो. फराळ मी करते, आवडीनेही करते, पण तो करताना पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. केक करताना स्वयंपाकघर रिकामं असतं.

तुमच्या रागाचा खरा धनी मला वाटतं वेगळाच आहे. फोनवर दिवसभर जी घरं दिसतात, पांढऱ्या भिंती, ओट्यावर एकही डाग नाही, काचेच्या बरण्यांना एकसारखी लेबलं, आणि मधोमध हसणारी बाई जिच्या कुडत्यावर पिठाचा कण नाही, ती तिसरीच काय, चौथी नोकरी आहे. ती बघून माझ्याही पोटात गोळा येतो. त्या घरांत तुम्ही मला बसवलंत याचं वाईट वाटलं, कारण माझ्या त्याच पोस्टमधल्या फोटोत पडद्याशेजारी वाळलेल्या कपड्यांचा ढीग दिसतोय, आणि त्यावरून एका मैत्रिणीने मला फोन करून झापलंय.

‘घर दाखवायला नसतं’ हेही मला पूर्ण पटत नाही. उंबऱ्यापुढची रांगोळी कोणासाठी असते? येणाऱ्या-जाणाऱ्यासाठीच. गोव्यात गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे लाकडी चौकट, बांधतात, तिच्यात सुपारीचे घड, कवंडळं, कांगळ्या, रानातून शोधून आणलेली फळं-पानं लोंबत असतात. शेजारीपाजारी मान वर करून बघतात, नवं काय आणलंय ते विचारतात. दाखवणं आपल्याकडे कधी चोरीचं नव्हतं. पैसे उधळून दाखवणं निराळं, त्याबद्दल तुमच्याशी सहमत. माझे पडदे म्हणाल तर एक सुती साडी साडेपाच मीटरची. सात फुटी दाराला वरची दोरीची पट्टी आणि खालची दुमड धरून साधारण अडीच मीटरचा एक तुकडा लागतो. म्हणजे एका साडीत दोन पडदे होऊन वर थोडं कापड उरतं. पदर त्या उरलेल्यात घ्यायचा, त्याच्या उशांच्या खोळी होतात. विरलेला भाग मधे आला तर तुकडे तिरके जुळवत बसू नका, सरळ पायपुसणं करा. खर्च दोऱ्याचा.

राहिलं वाचन.

उपयोगाचं मी दिवसभर वाचते. विजेचं बिल, शाळेच्या सूचना, सोसायटीची नोटीस, गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं, ऑफिसातल्या मेल. यातलं एकही न वाचून चालत नाही. रहस्यकथा न वाचून चालतं. म्हणजे वर लावलेली कसोटी इथेही लागते.

शिवाय मौजेखातर वाचणं आपल्याकडे जितकं घरगुती आहे तितकं क्वचितच कुठे असेल. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी अंक असतो. एका हातात चिवडा, दुसऱ्या हातात कथा, आणि पानांवर तेलकट बोटांचे ठसे. कोणी विचारत नाही की या कथेचा उपयोग काय. मासिकाचं नाव मनोरंजन ठेवताना त्यांनाही काही लाज वाटली नव्हती. आणि महाबळेश्वर-पाचगणीकडे गेलात तर भिलारला जरूर थांबा. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावात २०१७ पासून लोकांनी आपल्या घरांतल्या खोल्या पुस्तकांना दिल्यात. सुरुवातीला अशी २५ ठिकाणं होती, कथा एका घरात, कविता दुसऱ्या, इतिहास तिसऱ्या. आपण चपला काढून कोणाच्याही बैठकीत जाऊन वाचत बसायचं. आत कुकरची शिट्टी होते, अंगणात कोणी धान्य पाखडत असतं, आपल्याला कोणी उठवत नाही. सजावट आणि वाचन एकाच खोलीत कसं नांदतं ते तिथे दिसतं. उपयोगाचं वाचणारेही तिथे भेटतात, स्पर्धा परीक्षेची वही मांडीवर घेऊन. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. फक्त शेजारी रहस्यकथा घेऊन बसलेल्या माणसाने अपराधी तोंड करून बसावं, हे मला मान्य नाही.

तुमच्या प्रतिक्रियेची शेवटची ओळ मात्र मला सगळ्यात जास्त आवडली. इतकं सगळं सुनावून झाल्यावर तुम्ही लिहिलंय, ‘शिवाय तुमच्या मापाने केलेला केक मधोमध बसला.’ अहो, म्हणजे केलात की!

बसण्याची कारणं तीन असू शकतात. रवा दह्या-दुधात वीस मिनिटं भिजवायचा असतो, तेव्हाच तुम्ही सोडाही घालून ठेवला असेल, तर तो वायाच गेला. दह्यातल्या आंबटपणाशी गाठ पडली की सोडा लगेच फसफसतो, आणि तुम्ही भांडं कुकरमध्ये ठेवेपर्यंत त्यातली हवा निघून जाते. सोडा सगळ्यात शेवटी घाला, चारदा हलवा आणि लगेच भांडं आत ठेवा. दुसरं, मधे झाकण उघडून पाहिलंत का? पहिली तीस मिनिटं मुळीच उघडू नका. कडा धरलेल्या असतात पण मधला भाग अजून ओलाच असतो, गार हवा लागली की खाली जातो. तिसरं, शिट्टी आणि रबर दोन्ही काढली होती ना? रबर राहिलं तर वाफ आत कोंडते आणि वरून पाणी गळतं. तळाला मिठाचा थर, त्यावर जाळी, रिकामा कुकर मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचा आणि भांडं आत गेल्यावर गॅस बारीक. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. चाळीस मिनिटांनी विणकामाची सुई मधोमध खुपसून बघा, कोरडी आली की झाला.

आणि तो बसलेला केक टाकला नसेल, तर मधला ओलसर भाग कुस्करून थोड्या तुपावर परता. गार दुधाबरोबर झकास लागतो.