चाळीसचा आवाज

हा आवाज फक्त चाळीसला येतो. पस्तीसच्या वेगाला आमची मोटारसायकल गुणी बाळ, पंचेचाळीसला पुन्हा गुणी बाळ. मधे काटा चाळीसवर टेकला की कुठूनतरी ‘खर्रर्र’ सुरू. भाजणीच्या डब्यात चमचा विसरून डबा हलवावा, तसा.

भाच्यानं याचं शास्त्र सांगितलं. तो इथेच, इंदूरच्या गोविंदराम सेक्सरिया कॉलेजात मेकॅनिकल शिकतो, त्यामुळे त्याच्याकडे शास्त्र असतं, पाना नसतो. म्हणे, प्रत्येक पत्र्याची थरथरण्याची आपली एक लय असते. इंजिनाची थरथर तिच्याशी जुळली की पत्रा नाचू लागतो. झोक्याला नेमक्या वेळी धक्का बसावा तसं. मी विचारलं, “पण कोणता पत्रा?” तर म्हणाला, “ते बघावं लागेल, मामा.”

गॅरेजवाल्या उस्तादाकडे गाडी नेली. तिथे ती उभीच असते, आणि उभ्या गाडीला चाळीसचा वेग नसतो. त्यानं कान लावला, दोनदा रेस दिली आणि निकाल दिला, “कुछ नहीं है भिया, चलाओ.” तेव्हा मी सियागंजातून पान्यांचा सेट आणला. सहा-सातपासून सोळा-सतरापर्यंत. आमच्या गाडीला मुख्यतः दहा, बारा आणि चौदा लागतात. बाकीचे पाने लग्नातल्या दूरच्या नातेवाइकांसारखे, फोटोत असावेत म्हणून.

रविवारी पोहे झाल्यावर अंगणात बैठक मारली. आरसे आवळले, नंबर प्लेट आवळली, चेनकव्हर, सायलेन्सरवरची जाळी, मडगार्ड, जे जे गोल आणि षट्कोनी दिसलं ते सगळं आवळलं. आई ओट्यावर शेंगा सोलत होती. म्हणाली, “अरे, लोणच्याची बरणी आहे का ती? किती पिळशील?”

आईचं बरोबर होतं, हे भाच्यानं फोनवर आकड्यांत सांगितलं. दहा नंबरचा पाना लागतो त्या सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटर पुरे. म्हणजे वीतभरापेक्षा लहान, पंधरा सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाशी सहा-सात किलोंचा जोर. मी लावला तो दळणाचा डबा उचलण्याचा. बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग, म्हणाला. ताण आहे तोवर तो धरून ठेवतो, फार ताणलात तर आटे जातात. आणि आडव्या हादऱ्यानं दोन पत्रे एकमेकांवर सरकायला लागले की नट हळूहळू आपला आपण फिरतो. हे युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९६९ साली दाखवून दिलंय. मला त्या युंकरबद्दल आदर वाटला. तो आमच्या गल्लीत राहत असता तर स्पीडब्रेकरवरून दोनदा जाऊन त्याचं काम भागलं असतं.

मधेच एक वायसर निसटून फरशीवर घरंगळला. शोधतोय तोवर बायकोनं अंगण झाडून घेतलं आणि कचरागाडी गाणं वाजवत दारात आली. इंदूरचा स्वच्छतेत पहिला नंबर आल्यापासून आमच्या घरी कचरा दोन मिनिटांच्या वर राहत नाही. वायसर सुक्यात गेला.

संध्याकाळी सुदामानगरातून निघालो. अन्नपूर्णेच्या पुढे चाळीस लागली आणि खर्रर्र. जशाचा तसा.

तेव्हा ठरलं, दुसऱ्या कानाची मदत घ्यायची. बायको ग्वाल्हेरची. घराण्याचं गाव, तिच्या माहेरी चहाचा कप आपटला तरी कोणता सूर लागला ते सांगतात. तिला मागे बसवून सुपर कॉरिडॉरला नेलं, कारण शहरात चाळीस सलग टिकवायचे म्हणजे पहाटे चारला उठायला हवं. चाळीस धरली. अर्धा किलोमीटर. एक किलोमीटर.

“आला का?”

“कुठे काय?”

खरंच आवाज नव्हता. परत आलो, तिला घरी सोडलं, एकटा कोपऱ्यावर दूध आणायला गेलो. खर्रर्र.

हे चार वेळा झालं. ती असली की गाडी मूग गिळून बसे, मी एकटा असलो की तोंड सोडे. पाचव्यांदा बायको म्हणाली, “अहो, आधी कान दाखवून या.” आईनं त्यावर मान डोलावली. दोघींचं एकमत व्हायला अठरा वर्षं लागली होती, आणि झालं ते यावर.

मग गेल्या शुक्रवारी एका बारशाला निघालो. तिनं साडी नेसलेली, नेहमीसारखी एका बाजूला बसलेली. काटा चाळीसवर, गाडी गप्प. तेवढ्यात ती म्हणाली, “चप्पल निसटतेय हो,” आणि पाय वर घेतला.

खर्रर्र.

पाय खाली. गप्प. पाय वर. खर्रर्र.

“अगंबाई,” ती म्हणाली, “हा तर माझ्या पायाखाली आहे.”

साडीगार्ड, मागच्या चाकाशेजारची जाळी! आपल्याकडे नियमच आहे, १९८९च्या मोटार वाहन नियमांतला १२३वा: मागे बसणाऱ्याला धरायला काही हवं, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. आमच्या गाडीवर त्या जाळीलाच बायकांसाठी पाय टेकायची पट्टी आहे. खालचा बोल्ट ढिला. तिचा पाय पट्टीवर असला की जाळी दबून गप्प, नसला की नाच. मी जगातलं सगळं आवळलं होतं, ही एक जाळी सोडून. कारण तिथे मी कधी बसत नाही.

बारसं कसंबसं उरकलं. (बाळाचं नाव काय ठेवलं ते मला अजून सांगता येत नाही, आणि त्यावरून वेगळं ऐकून घेतलंय.) घरी येऊन तसाच, इस्त्रीच्या सदऱ्यात, दहा नंबर घेऊन बसलो. युंकर, आई, न्यूटन-मीटर, सगळे आनंदाच्या भरात विसरलो आणि शेवटचा एक पीळ दिला. पाना एकदम हलका झाला. श्रीखंडातून चमचा फिरावा तसा. आटे गेले.

रात्री साडेनऊला बोल्ट कोण देणार? आईकडे चिंधी मागितली. “माहेश्वरीला हात लावलास तर बघ,” असं बजावून तिनं ट्रंकेतून जुन्या हिरव्या लुगड्याची काठाकडची पट्टी फाडून दिली. “साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी, आणि जाळी पडू नये म्हणून साडी. छान.”

दोन गाठी मारल्या, स्पोकच्या बाजूला टोक राहू दिलं नाही. सकाळी चाळीसला गाडी चिडीचूप. परतलो तर शेजारचे काका फाटकाशी उभे. त्यांनी ती हिरवी, जरीची गाठ बराच वेळ न्याहाळली.

“डोहाळजेवण केव्हा करता गाडीचं?”